केशरबाईच्या लेकाचं गाऱ्हाणं

मिरजगावात दळण म्हटलं की केशरबाईची गिरणी. तशा आणखी दोन आहेत, पण एकीचा मालक मापात हात मारतो असं सगळं गाव म्हणतं आणि दुसरीच्या पिठाची भाकरी थापताना चिरा पडतात. केशरबाईच्या पिठाची भाकरी परातीएवढी होते. हे ती स्वतः कुणाला सांगत नाही. सांगायला माणूस थांबायला तर पाहिजे! गिरणीचा आवाजच असा की दोन मिनिटं कुणी उभं राहत नाही. डबा ठेवायचा, बोटांनी खूण करून बारीक की जाडं ते सांगायचं, आणि तासाभरानं येऊन डबा न्यायचा. दिवसभर दारात माणसांची रीघ, आणि बोलणं एकाशीही नाही. संध्याकाळी पट्टा थांबला की तिच्या कानात तो आवाज बराच वेळ घुमत राहतो. तो विरला की घरात काहीच ऐकू येत नाही, आणि तेव्हा तिला फार एकटं वाटतं. दिवसा वाटत नाही, दिवसा उसंत नसते.

नवरा बजरंग जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. नाही म्हणायला एक पोर तिच्याकडं होतं. धाकट्या दिराचं नाव श्रीमंत, त्याचा थोरला नितीन. नितीनच्या पाठीवर लगेच जुळं झालं, जाऊबाईला तिघं आवरेनात, तेव्हा घरातल्यांनी बसून ठरवलं की नितीन केशरबाईला द्यायचा. दिला. दूध तुटल्यापासून शाळेत जायच्या वयापर्यंत तो तिच्या कुशीत झोपला, तिला आई म्हणाला, पिठाचे हात तिच्याच पदराला पुसत आला.

आता दत्तक द्यायची आपल्याकडं एक रीत आहे. भाऊकी जमते, जन्माची आई आपल्या हातानं लेकरू दुसरीच्या मांडीवर ठेवते, त्याला नवी टोपी घालतात आणि सगळ्यांना साखर वाटतात. साखर तोंडात पडली की काम पक्कं, मग ब्रह्मदेव आला तरी लेकरू परत जात नाही. पण बजरंग म्हणाला, "आपलंच घर, आपलीच मानसं. साखर वाटून गावाला कशाला सांगायचं?" आणि ते राहून गेलं. पुढं जुळी मोठी झाली, जाऊबाईचे हात मोकळे झाले आणि तिला थोरल्याची आठवण झाली. एका सकाळी येऊन ती त्याला घेऊन गेली. लांब नाही, त्याच गल्लीत, चार घरं पलीकडं. केशरबाईला भांडता आलं नाही, कारण कुणी साखर खाल्लेलीच नव्हती. नितीन काही दिवस तिच्या दाराशी येऊन रडला, मग गोट्या खेळायला लागला, आणि मग कधीतरी तिला काकू म्हणायला लागला. नेमकं कधी, ते तिलाही सांगता येत नाही.

आता नितीनचं कर्जतला बी-बियाण्याचं दुकान आहे, त्याला दोन मुलं आहेत. आणि नगर-सोलापूर रस्ता रुंद होऊन गिरणीची जागा अगदी रस्त्याच्या तोंडाशी आल्यापासून श्रीमंतला वहिनीच्या म्हातारपणाची फार म्हणजे फारच काळजी वाटायला लागली आहे. दर सणाला येऊन तो एकच टुमणं लावतो, "वयनी, नितीनचं धाकटं कागदोपत्री घ्या की मांडीवर. आमाला तुमचा घोर हाय." केशरबाई त्याला चहा पाजते आणि म्हणते, "बघू." पोरगं गोड आहे, त्यात वाद नाही. पण ते तिच्या घरी राहायला यायचं नाही, कागदावर त्याचं नाव तेवढं यायचं, हे न कळण्याइतकी ती खुळी नाही.

अशात गावात दीपा आली. मूळची श्रीरामपूरची, पंचविशीची मुलगी. माळरानावरच्या लांडग्यांचा अभ्यास करणारी एक संस्था होती, तिच्या कामासाठी तिनं मिरजगावात खोली घेतली होती. लांडग्यांचा काय अभ्यास करायचा, असं गावातल्या लोकांनी तिला तोंडावर विचारून झालं होतं. ती गव्हाचा डबा घेऊन गिरणीत आली आणि नेमकी वीज गेली. दुसरं कुणी असतं तर डबा ठेवून निघून गेलं असतं. दीपा पायरीवर बसली आणि मोबाईलमधले फोटो दाखवायला लागली. माळावर झाडाला कॅमेरे बांधलेले, समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो निघतो. त्यात एक लांडगा होता, मान वळवून थेट बघणारा, एका कानाचं टोक तुटलेला.

"ह्यांची संख्या लई कमी झालीय, मावशी," दीपानं सांगितलं. लई हा शब्द ती नुकताच वापरायला लागली होती. "म्हणून आमची एक योजना आहे. शहरातली माणसं लांडगा दत्तक घेतात."

केशरबाईचे कान टवकारले. "घेत्यात म्हंजे? घरी नेत्यात?"

"नाही हो! तो माळावरच राहतो. त्यांनी वर्षाची वर्गणी द्यायची. त्यातून आम्ही मेंढरं गेलेल्या लोकांना भरपाई देतो, गावच्या कुत्र्यांना लस टोचतो, उन्हाळ्यात पाणवठे भरतो. दत्तक घेणाऱ्याला फोटो मिळतो, नाव ठेवता येतं आणि अधूनमधून खुशाली कळते."

"आन तो आपल्याला वळखतो का?"

"नाही."

"भेटतो का कदी?"

"भेटूच नये, मावशी. माणसाची भीती राहिली तरच तो जगेल."

केशरबाईनं मोबाईल हातात घेऊन तो फोटो पुन्हा पाहिला. मग तिनं जे विचारलं ते दीपाला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. "येकदा दिला की मागारी नेत्यात का?"

"मागारी कोण नेणार? तो कुणाचाच नाहीये."

"मग मला एक पायजे," केशरबाई म्हणाली. "ह्योच. कान तुटल्याला."

दीपाला आनंद झाला. तिनं समजावून सांगितलं की हे तसं प्रतीक म्हणून असतं, मनावर फार घ्यायचं नसतं. दीपा ख्रिस्ती, त्यांच्यात बाप्तिस्म्याच्या वेळी लेकराला धर्ममाता असते, थोडं तसंच समजायचं. केशरबाईनं हात झटकला. "तसलं काय न्हाई. आई म्हंजे आई. आता सांग, देनार कोन?"

"देणार म्हणजे? संस्था देते."

"संस्थेनं जनम दिला का त्याला?"

दीपा हसली आणि हसता हसता थांबली, कारण मावशी हसत नव्हती. एकदा रीत चुकवल्यानं काय होतं ते या बाईनं भोगलं होतं. ती पुन्हा चुकवणार नव्हती.

गिरणी सोमवारी बंद असते. त्या सोमवारी सकाळी केशरबाई ठेवणीतलं लुगडं नेसली, नारळ घेतला, साखरेचा डबा घेतला आणि दीपाच्या स्कूटीवर मागं बसून माळावर गेली. गावानं हे डोळे भरून पाहिलं. माळावर वाळलं गवत गुडघ्याला लागत होतं आणि लांबवर पुंजाराम मेंढरं चारत होता. पुंजाराम पारनेरकडचा, दरसाल दिवाळीनंतर कळप घेऊन या भागात उतरतो आणि मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवतो. साक्षीला माणूस हवाच होता, केशरबाईनं त्याला हाक मारली.

ती गवतात मांडी घालून बसली. दीपानं फोटो छापून आणला होता, तो तिनं दोन्ही हातांनी मावशीच्या मांडीवर ठेवला. केशरबाईनं तिथलीच चिमूटभर माती घेऊन फोटोवर टाकली आणि माळाकडं तोंड करून म्हणाली, "ज्याचा हाय त्यानं दिला, म्या घेतला. अजिनाथ नाव ठिवलं." लग्न होऊन या गावात आली त्या वर्षी तिनं हे नाव मनात ठरवून ठेवलं होतं, ते वापरायची वेळच आली नव्हती. मग नारळ फुटला, साखर वाटली. पुंजारामनं हातावर साखर घेतली, पण तोंडात टाकण्याआधी फोटो निरखून पाहिला.

"ह्याला वळखतो की मी," तो म्हणाला. "लई बेरकी हाय. कुत्र्यांना हिकडं भुलीवतो आन तिकडून मेंढी उचलतो. आक्का, इचार केलाय न्हवं?"

"केलाय."

"बरं," म्हणून त्यानं साखर तोंडात टाकली.

गावात बातमी पोचायला स्कूटीपेक्षा कमी वेळ लागला. केशरबाईनं दत्तक घेतलं, माळावर जाऊन घेतलं, श्रीरामपूरच्या पोरीनं दिलं, एवढंच सगळ्यांना कळलं, आणि एवढं पुरेसं होतं. दुपारी श्रीमंत दोन वडीलधारे घेऊन आला, मागं नितीन. श्रीमंतचा आवाज गिरणी चालू असती तरी ऐकू आला असता.

"वयनी, कुनाचं पोरगं घेतलं? आमी मेलो का सगळे? घरात पोरं असताना परक्याचं रगत घरात घ्यायला काय धाड भरली?"

केशरबाईनं भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं बजरंगच्या तसबिरीशेजारी खिळा ठोकून फोटो लावलेला होता. सगळे पुढं झाले. मग वडीलधाऱ्यांपैकी एक जण हसायला लागला, दुसऱ्याला ठसका लागला, आणि श्रीमंत इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं. रागानं आलेली माणसं खुशीत परत गेली. जागेला धोका नव्हता ना! लांडगा काही सात-बाऱ्यावर नाव लावायला येणार नव्हता. नितीन तेवढा मागं थांबला. तो हसला नव्हता. "काकू, लोकं नावं ठेवत्यात," एवढं म्हणून तोही गेला. त्यानं थोडं बसावं असं तिला वाटलं होतं, पण तिनं तसं म्हटलं नाही.

पुढं महिनाभर गावाला दुसरा विषय नव्हता. गिरणीसमोरून जाताना टवाळ पोरं मान वर करून कोल्हेकुई करायची, बाया डबा ठेवताना विचारायच्या, "सून कवा आनायची?" अजिनाथ नावाचे गावात पाच-सहा जण निघाले, त्यांतला एक तर चिडून दोन आठवडे दुसऱ्या गिरणीत गेला आणि भाकरीला चिरा पडायला लागल्यावर मुकाट परत आला. केशरबाईनं कुणाला उत्तर दिलं नाही. पण खरं सांगायचं तर तिलाही मनातून वाटायला लागलं होतं की आपण येड्यासारखं काहीतरी केलं. फोटो भिंतीवरून बघत होता. तो काही मागत नव्हता, खात नव्हता, रुसत नव्हता. संध्याकाळी पट्टा थांबला की घर पहिल्यासारखंच मुकं होत होतं.

आणि मग एका सकाळी पुंजाराम दारात येऊन उभा राहिला. दळणाचा डबा नव्हता हातात. कपाळाला आठ्या. केशरबाईनं गिरणी बंद केली.

"आक्का, तुमच्या लेकानं माझी मेंढी न्हेली."

"काय?"

"गाभन मेंढी. पहाटं न्हेली. कान बघितला मी त्याचा. मी साखर खाल्लीय म्हनून आधी तुमच्याकडं आलो. लेकाला जरा आवरा."

लांडग्याला आवरायचं कसं, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि तिलाही नाही. भरपाई संस्थेकडून मिळायची ती मिळणारच होती, दीपा त्या जागेचे फोटो काढून घेऊनही गेली होती. पण पोरानं खोडी केली की आधी त्याच्या घरी सांगायचं असतं, आणि पुंजाराम रीतीचा माणूस होता. केशरबाई त्याच्याकडं बघतच राहिली. तिच्या उभ्या आयुष्यात तिच्या पोराचं गाऱ्हाणं घेऊन कुणी तिच्या दारात आलं नव्हतं. दुसऱ्या बाया बोटं मोडायच्या, "ह्या कार्ट्यानं माझा जीव खाल्ला, रोज एकाचं गाऱ्हाणं," आणि ती गप्प बसून ऐकायची. नितीन होता तेव्हा फार लहान होता, त्याच्या खोड्या दारापर्यंत आल्याच नाहीत.

"बस," ती म्हणाली. "चुकलं त्याचं. पदरात घे." तिनं चहा टाकला, पुंजारामची बाजरी मागवून फुकट दळून दिली, वर गूळ दिला. पुंजाराम चहा पिता पिता अजिनाथचे प्रताप सांगत राहिला आणि ती "आगं बाई", "मेल्यानं असं केलं?" म्हणत राहिली. तो गेल्यावर ती फोटोसमोर उभी राहिली आणि त्याला चांगलं फैलावर घेतलं. गाभण मेंढी कुणी नेतं का, तुला काही अक्कल? बाहेर डबेवाल्या बाया खोळंबल्या होत्या. त्या दिवशी ती इतकी सुखात होती की ज्वारीच्या दळणावर तसाच गहू टाकला आणि एकीचं पीठ बिघडवलं.

त्यानंतर पुंजाराम आणखी दोनदा आला. एकदा कोकरू गेलं होतं, एकदा नुसताच प्रयत्न झाला होता, पण तेही सांगायला आला. केशरबाई संध्याकाळी दार उघडं ठेवून बसायला लागली. कुणी विचारलं तर सांगायची, "वारं येतं जरा."

एक दिवस दीपानं भाबडेपणानं सगळं विस्कटलं. ती खुशाली द्यायला आली होती. मोबाईलवर दाखवत म्हणाली, "पुण्यातल्या एका मुलानं याचं चित्र काढून पाठवलंय बघा. तो याला शेरू म्हणतो."

"का म्हनून? ह्यो अजिनाथ हाय."

"तुमचा अजिनाथ, त्याचा शेरू. प्रत्येक जण आपापलं नाव ठेवतो ना."

"म्हंजे त्या पोरानं पन ह्यालाच घेतलाय?"

दीपाच्या तेव्हा लक्षात आलं की हे आपण मावशीला सांगितलंच नव्हतं. प्रतीकात्मक असतं म्हटल्यावर ते सगळ्यांना आपोआप कळतं असं तिला वाटत होतं. एकेका लांडग्याला बरीच माणसं दत्तक घेतात, या कानतुटक्याला तर सगळ्यात जास्त, पुण्या-मुंबईची, एक कुटुंब तर नाशिकचं. ती घाईघाईनं समजावत राहिली. केशरबाई "बरं, बरं" म्हणत राहिली. दीपा गेल्यावर तिनं फोटो खिळ्यावरून काढला आणि धान्याच्या कोठीवर पालथा ठेवला. पुन्हा एकदा, तिच्या मांडीवर ठेवलेलं तिचं नव्हतंच. यात रडायचं काय, असं ती स्वतःला म्हणाली, आणि तरी रडली.

दोन-चार दिवसांनी पुंजाराम आला. दारातूनच म्हणाला, "आक्का, आज तर हद्द झाली त्याची."

"मला कशाला सांगतो?" केशरबाई फणकारली. "त्याला पन्नास आया हायेत. पुन्याला जा, मुंबईला जा. त्यांना सांग."

पुंजारामला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं सगळं सांगितलं तेव्हा त्यानं पागोटं काढून डोकं खाजवलं. "ती मानसं लांबची. त्यांनी साखर वाटली का? कुनाच्या पुढं वाटली? मी तर बघितली न्हाई. मला काय ठावं त्यांचं दार कंचं? मेंढरू माझं गेलंय, मी हितंच येनार." आणि तो नेहमीच्या जागी, पोत्यावर, चहाची वाट बघत बसला. केशरबाई आत गेली, चहा टाकला, आणि उकळी येईपर्यंत फोटो पुन्हा खिळ्याला लागला होता.

पुढच्या थंडीत पुंजारामचा कळप नुकताच माळावर उतरला होता. सकाळची वेळ, गिरणी भरात, दारात डब्यांची रांग. दीपा आली, रांग सोडून आत शिरली आणि काहीतरी बोलली. पट्ट्याच्या आवाजात ऐकू येईना. केशरबाईनं नेहमीसारखी बोटांनी खूण केली, बारीक की जाडं? दीपानं पुन्हा तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. तिचे डोळे सुजलेले होते. केशरबाईनं हात लांबवून बटण दाबलं. पट्टा फडफडत थांबेपर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या.

"रस्ता ओलांडताना," दीपा म्हणाली. "पहाटे. गाडीनं उडवलं. मावशी, आपला गेला."

केशरबाईनं रांगेतल्या बायांना डबे घेऊन जायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

अशा जनावराला वन खात्याचे लोक घेऊन जातात, डॉक्टर तपासतात आणि मग सगळ्यांसमक्ष जाळतात, कातडं की नखं कुणी नेऊ नये म्हणून. ते खात्याच्या रोपवाटिकेमागच्या मोकळ्या जागेत झालं. दीपानं सगळ्या दत्तक पालकांना कळवलं होतं. मोबाईलवर रडक्या चेहऱ्यांची रांग लागली होती, त्या पुण्याच्या मुलानं तर जेवण सोडलं म्हणे. त्यांचा दोष नाही, लांबची माणसं ती, कामाधामाची. तिथं आले ते दोघंच, केशरबाई आणि पुंजाराम. केशरबाईनं अजिनाथला पहिल्यांदा पाहिलं. फोटोत वाटला होता त्यापेक्षा तो बारीक होता, पोट खपाटीला गेलेलं. उपाशीच होता. हे तिच्या जिवाला फार लागलं. वनरक्षकानं डोक्याला रुमाल बांधला होता, तो कुणाला तरी फोनवर सांगत होता, "प्रौढ नर, एक." मग तिच्याकडं बघून म्हणाला, "आजी, लांब व्हा, धूर लागंल." ती लांब झाली नाही.

घरी येऊन तिनं अंघोळ केली आणि गिरणीला कुलूप लावलं. लेकाचं सुतक पाळतात तसं ती पाळणार होती. गावानं डोक्याला हात लावला. श्रीमंत येऊन रस्त्यातूनच ओरडला, "वयनी, जनावराचं कुनी सुतक धरतं का? लोक हसायचं बंद झालं हुतं, आता परत लागलं!" मयताच्या घरी पहिल्या दिवशी चूल पेटत नाही. भाऊकीतलं कुणीतरी भाकरी-पिठलं घेऊन येतं, त्याला कडू घास म्हणतात, आणि घरच्याला जबरदस्तीनं दोन घास खायला लावतं. केशरबाईनं गावातल्या कितीतरी घरी तो नेला होता. बजरंग गेला तेव्हा तिच्याही घरी आला होता. ती दुपार कलेपर्यंत उंबऱ्यात बसली. गल्लीतून माणसं गेली-आली. नितीन मोटरसायकलवरून गेला, त्यानं हॉर्न वाजवून मान हलवली. ऊन उतरल्यावर ती उठली, आपल्या हातानं चूल पेटवली आणि आपल्यापुरती एक भाकरी थापली. एवढी एकटी ती बजरंग गेला तेव्हाही नव्हती.

सुतक फिटलं त्याच दिवशी दीपा आली. तिच्या हातात नवा फोटो होता, तरणा लांडगा, दोन्ही कान धड. बिचारी चांगल्या मनानंच आली होती. "बाकी सगळ्यांना आम्ही हा दिलाय, मावशी. वर्गणीचं वर्ष अजून शिल्लक आहे ना सगळ्यांचं. तुम्हाला वेगळं काही करायला नको."

"येक गेला की दुसरा," केशरबाई म्हणाली, "ह्यो काय दळनाचा डबा हाय, पोरी?" ती रागावली नव्हती. तिनं फोटो नीट पाहिला, चांगला आहे म्हणाली, दीपाच्या हातात परत दिला आणि गिरणीचं कुलूप काढलं.

दळणं सुरू झाली. डबे आले, गेले. बाया सुरुवातीला थोड्या बिचकून खुणा करायच्या, मग पहिल्यासारख्या करायला लागल्या. थंडी सरली, उन्हं तापली. संध्याकाळी दार उघडं ठेवायचं कारण उरलं नव्हतं, तरी ते उघडंच राहायचं.

एका दुपारी वीज गेलेली, म्हणून मेंढरांची चाहूल तिला लांबूनच लागली. पुंजाराम कळप घेऊन परत पारनेरकडं निघाला होता. ती दारात येऊन उभी राहिली. मेंढरं गिरणीसमोरून जायला लागली, धूळ उडाली, कुत्री गेली. पुंजारामनं तिच्याकडं बघून मान लववली आणि पुढं चालू लागला. एवढ्या दिवसांत तो एकदाही आला नव्हता. ती आता रोज विचार करायची, की त्याचं काही गेलंच नसेल का या हंगामात.

"पुंजाराम," तिनं हाक मारली. "औंदा काय न्हेलं न्हाई का रे कुनी?"

"न्हेलं की," तो थांबून म्हणाला. "दोन कोकरं न्हेली. नवा हाय कुनीतरी. तरना हाय, धीट हाय."

"मग आला न्हाईस सांगाया?"

पुंजारामनं काठी या हातातून त्या हातात घेतली. कळप पुढं चालला होता, त्याला जायला हवं होतं. पण तो परत वळून दारापाशी आला.

"तुमाला कसं सांगू, आक्का?" तो म्हणाला. "त्यो तुमचा न्हाई. तुमचा गेला न्हवं."

दीपा आपला म्हणाली होती. वनरक्षक प्रौढ नर म्हणाला होता, श्रीमंत जनावर म्हणाला होता. तुमचा गेला असं कुणी म्हणालं नव्हतं. केशरबाईनं चौकट धरली.

"व्हय," ती म्हणाली. "माझा गेला."

पुंजाराम थोडा वेळ तिथंच उभा राहिला. मग मेंढरं मोठ्या रस्त्याला लागायच्या आत त्याला गाठायची होती, म्हणून तो पळतच गेला. केशरबाई धूळ खाली बसेपर्यंत दारात उभी होती आणि डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही.